मित्राचं नाव जिभेवर बसेना : मुलांचे उच्चार, आपली नावं आणि नाव ठेवतानाची काळजी

पहिलीच्या वर्गात दरवर्षी जून महिन्यात एक गोष्ट हमखास घडते. हजेरी घेताना आम्ही एक नाव उच्चारतो, शेजारच्या बाकावरचा मित्र दुसरंच उच्चारतो, आणि घरी आई तिसरंच म्हणते. यासीनचा याशीन होतो, ज़ीनतची जीनत होते, कादिरचा तादिर होतो. बहुतेक वेळा हे सगळं गमतीत निघून जातं. पण दरवेळी नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला इथे अज़्का म्हणू. खरं नाव वेगळं होतं, पण अडचण याच जातीची होती. अज़्का म्हणजे अधिक निर्मळ. मुलांपैकी कुणी अजका म्हणे, कुणी अदका. एकाने अडका म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळा वर्ग "अडकली, अडकली" म्हणू लागला. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी आम्हालाही हसू आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर लक्षात आलं की ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणतच नाही, नुसता हात वर करते. मग एके दिवशी तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, रजिस्टरात हिचं नाव बदलून मिळेल का? आयशा करून द्या. ती म्हणते, मला हे नाव नको."

सहा वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव नकोसं झालं होतं, आणि त्यात आमच्या त्या हसण्याचाही वाटा होता. तेव्हापासून आम्ही या विषयाकडे नीट लक्ष द्यायला लागलो. जळगाव-धुळ्याच्या शाळांतून जे दिसलं, जे वाचलं आणि जे पालकांना वारंवार सांगावं लागतं, ते इथे एकत्र दिलं आहे. मराठी वर्णमालेत नुक्ता नाही. या लेखात ज़, फ़, क़, ख़ असे नुक्ते फक्त उच्चारातला फरक दाखवण्यासाठी वापरले आहेत.

लहान मूल नाव चुकीचं का उच्चारतं?

पहिली गोष्ट ही की मूल ऐकायला आधी शिकतं आणि बोलायला नंतर. कादिरला "तादिर" म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही मुद्दाम "तादिर कुठाय?" विचारलं तर ते चिडतं आणि म्हणतं, "तादिर नाही, तादिर!" त्याच्या कानात क बरोबर आहे, जीभ अजून मागे जात नाही एवढंच.

नेहमी दिसणारे बदल असे :

– क चा त आणि ग चा द : कादिर–तादिर, गुलनार–दुलनार. जिभेचा मागचा भाग उचलण्यापेक्षा टोक उचलणं सोपं असतं.
– र चा ल किंवा य : रेहान–लेहान, मरियम–मलियम.
– श चा स : शाहीन–साहीन, आयशा–आयसा.
– ज़ आणि फ़ यांसारख्या घासून निघणाऱ्या आवाजांऐवजी अडवलेला आवाज : ज़ोया–जोया किंवा दोया, फ़ैज़ान–पैजान.
– जोडाक्षर सोडणं किंवा फोडणं : इब्राहीम–इबाहीम, शम्स–शमस.
– लांब नावातला एखादा तुकडा गाळणं : मुदस्सिर–दस्सिर, अब्दुर्रहमान–अदुमान.
– दोन आवाजांची अदलाबदल : सुफ़ियान–फ़ुसियान.

यात आळस नाही, लाड नाहीत आणि बुद्धी कमी असण्याचाही प्रश्न नाही. साधारण अंदाज असा की दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळतं, तीन वर्षांच्या मुलाचं बहुतेक कळतं, आणि चार वर्षांपर्यंत जवळजवळ सगळं कळायला हवं. र, श, ज़ आणि जोडाक्षरं मात्र पुढेही रेंगाळतात. काही मुलांत ती सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होत नाहीत. म्हणून बालवाडीतल्या मुलाने मित्राला "लेहान" म्हटलं तर घाबरू नये.

दुसरी गोष्ट कानाची. जन्मलेल्या बाळाचा कान जगातल्या कुठल्याही भाषेचे आवाज वेगळे ओळखू शकतो. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यात आपल्या ओळखीचे आवाज होते : ट आणि त. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ट आणि त यांतला फरक ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत तीच ओळख मावळली, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. म्हणजे घरात जो आवाज कानावर पडत नाही, तो कानाला पुढे वेगळा वाटेनासा होतो. प्रयत्नाने तो परत शिकता येतो, पण प्रयत्न करावा लागतो. मराठी घरातल्या मुलाला क़ आणि क एकच ऐकू येतात ते यामुळे, आणि उर्दू घरातल्या मुलाला ळ आणि ल सारखे वाटतात तेही यामुळेच.

मराठी जिभेच्या जुन्या सवयी

काही चुका वयाच्या नसतात, भाषेच्या असतात. मोठी माणसंही त्या करतात.

स चा श. जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबाद लागतं. जुन्या इंग्रजी कागदांत ते नसीराबाद आहे. मराठी जिभेला "सी" पेक्षा "शी" जवळचा. नसीबचं नशीब झालं, सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, वसील्याचा वशिला. उर्दूत सीढ़ी, मराठीत शिडी. उर्दूत सिलाई, मराठीत शिलाई. उर्दूत सीटी, मराठीत शिट्टी. त्यामुळे वर्गातला मराठी मित्र यासीनला "याशीन" किंवा हसीनाला "हशीना" म्हणतो तेव्हा तो चेष्टा करत नसतो. त्याची भाषा कित्येक पिढ्या हेच करत आली आहे. हे मुलाला सांगितलं की त्याचा राग निम्मा कमी होतो, हा आमचा अनुभव आहे.

ज चे दोन आवाज. मराठीत एकच ज दोन तऱ्हेने बोलला जातो. जागा, जोर, जुना यांत तो दातांजवळून निघतो; जीभ, जेवण यांत टाळूवरून. अ, आ, उ, ओ पुढे असले की बहुधा पहिला. इ, ई, ए, य पुढे असले की दुसरा. आता आपली नावं बघा. ज़ाहिद, ज़ुबैर, ज़ोया ही नावं मराठी मूल बऱ्यापैकी म्हणतं, कारण दातांजवळचा ज त्याच्याकडे आहे आणि तो ज़ च्या शेजारचाच. पण ज़ीनत, ज़ेबा, ज़ीशान आली की जीभ आपोआप टाळूवर जाते आणि जीनत, जेबा, जिशान होतं. उलटही घडतं. जुनैद आणि जमील यांत खरा ज आहे, पण मराठी वाचणारा कधी कधी तो "जुना" मधल्या ज सारखा वाचतो. लिपी एकच अक्षर देते, म्हणून चूक वाचणाऱ्याची नसते.

ज़ साठी झ. यावर तोडगा म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी झ वापरला. आपल्या श्रीरामपूरचा गोलंदाज मराठीत झहीर खान म्हणून छापला गेला आणि तबलानवाज झाकीर हुसेन म्हणून. फिरोझ, अझीझ, अझहर हीही रूपं रूढ आहेत. झाडातला झ ज्या घरात ओळखीचा आहे तिथे हे चालतं. पण एकाच मुलाचं नाव शाळेत जाकीर, बँकेत झाकीर आणि दवाखान्यात झाकिर असं झालं की पुढे कागदांचा घोळ सुरू होतो. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी. मराठी शुद्धलेखनात अकारान्त शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर बहुधा दीर्घ लिहितात. या सवयीने साजिदचा साजीद होतो आणि हामिदचा हामीद. अरबी नावांत मात्र या वेलांटीने अर्थ बदलतो. हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद म्हणजे स्तुतीला पात्र असलेला. राशिद आणि रशीद, नासिर आणि नसीर ही अशीच वेगवेगळी नावं आहेत. वर्गात दोन्ही असतील तर हजेरीत दोघंही एकदम उभे राहतात.

चूक दोन्हीकडून होते

आपल्या मुलाचं नाव दुसऱ्याने बिघडवलं की आपल्याला लागतं. पण आपली मुलं मराठी मित्रांची नावं कशी घेतात, ते आपण ऐकतो का?

उर्दू घरातून आलेलं मूल ज्ञानेश्वरला ग्यानेश्वर म्हणतं, प्रज्ञाला प्रग्या, वीणाला वीना, बाळूला बालू, कृष्णाला किशना. ण आणि ळ उर्दूत नाहीत. ज्ञ चा मराठी उच्चार द्न्य च्या जवळ जातो, हिंदी-उर्दूच्या कानाला तो ग्य वाटतो. त्या मुलांच्या घरीही हे नाव आजी-आजोबांनी, बारशाला, पाळण्यात घातलेलं असतं. त्यांनाही तसंच लागतं.

खान्देशात आणखी एक पदर आहे. अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो. बहिणाबाई चौधरींच्या बोलीत डोळ्याचा डोया होतो, तो कुणी चूक म्हणत नाही. अमळनेर, साक्री, शिरपूर भागातल्या खेड्यातून येणारं मूल, मग ते कुठल्याही समाजाचं असो, हा आवाज घेऊनच येतं. यावल, रावेर, चोपडा भागातल्या तडवी घरांतली मुलंही घरची बोली, मराठी आणि मदरशातली अरबी असं सगळं एकाच जिभेवर सांभाळत असतात. अशा मुलाला "तुला बोलताच येत नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला तीन तऱ्हेने बोलता येतं, फक्त कुठे कुठली तऱ्हा वापरायची ते अजून शिकायचं असतं.

खुद्द आपल्या प्रदेशाच्या नावाचीही गोष्ट आहे. थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर इथून फारुकी घराण्याने इथे राज्य केलं. त्यांच्या "खान" या किताबावरून खान्देश हे नाव आलं असं सहसा सांगितलं जातं. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबर बादशहाने शहजादा दानियालच्या नावावरून प्रदेशाला "दानदेश" नाव दिलं. बादशहाचा हुकूम असूनही ते नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. नाव कागदावर असून चालत नाही, ते लोकांनी प्रेमाने घ्यावं लागतं.

दीन काय सांगतो?

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टिंगल करू नका, टोमणे मारू नका आणि वाईट टोपणनावांनी हाका मारू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. मुलाच्या जिभेची नकळत झालेली चूक यात येत नाही. पण चूक कळल्यावर तीच चेष्टेने पुन्हा पुन्हा म्हणणं यात येतं. हा फरक मुलांना चौथी-पाचवीपर्यंत नक्की समजतो, त्याआधी तो मोठ्यांनी वागून दाखवायचा असतो. "अडकली" हा शब्द मुलांनी पहिल्यांदा काढला तेव्हा ती गंमत होती. तो महिनाभर चालू दिला, ती आमची चूक होती.

अर्थ वाईट असेल तर प्रेषित मुहम्मद (स.) नाव बदलून देत. आसिया म्हणजे अवज्ञा करणारी, अशा नावाच्या मुलीचं नाव त्यांनी जमीला केलं. बर्रा म्हणजे नेक, पण त्यात स्वतःची बढाई दिसते म्हणून ते ज़ैनब केलं. हज़्न म्हणजे खडबडीत, अशा नावाच्या एका गृहस्थाला त्यांनी सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवलं. वडिलांनी दिलेलं नाव बदलणार नाही, असं ते म्हणाले. पुढे त्यांचे नातू सईद इब्न मुसय्यिब सांगत की तो कठोरपणा आमच्या घराण्यात राहिला तो राहिलाच. या गोष्टी बुखारी आणि मुस्लिम या हदीस संग्रहांत आल्या आहेत. यातून एवढं कळतं की नाव बदलायला मनाई नाही, पण बदलण्याचं कारण अर्थ हे असावं. चार मुलं हसली हे कारण पुरेसं नाही.

नवीन, अनोखी नावं : काय तपासावं?

गेल्या काही वर्षांत वर्गातली यादी बदलली आहे. आधी एका वर्गात चार सलमान आणि पाच शबाना असत. आता इनाया, हानिया, मिनाल, आयत, रय्यान, अरहम, अयान अशी नावं दिसतात. यात वाईट काही नाही. रय्यान हे तर रोज़ेदारांसाठी असलेल्या जन्नतच्या दरवाज्याचं नाव. पण नाव मोबाईलवर शोधून ठेवलं जातं तेव्हा काही गोष्टी सुटतात.

१. अरबी किंवा उर्दू अक्षरांतलं मूळ रूप बघा. नुसत्या देवनागरीवर किंवा इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका. आपल्या बोलण्यात सीन आणि सुआद, अलिफ आणि ऐन एकसारखेच येतात. फ़िरऔनची ईमानवंत पत्नी आसिया (آسیہ), आणि वर ज्या नावाबद्दल लिहिलं ते आसिया (عاصیہ). मराठीत दोन्ही एकच, उर्दू बोलण्यातही एकच, अर्थ मात्र टोकाचे. आणखी काही जोड्या :

– ज़ुलाल (زلال) : स्वच्छ पाणी. ज़लाल (ضلال) : वाट चुकणं.
– क़मर (قمر) : चंद्र. कमर (کمر) : कंबर. क़मरुन्निसाचा नुक्ता गेला की चंद्राची कंबर होते.
– नज़ीर (نذیر) : सावध करणारा. नज़ीर (نظیر) : तोडीचा, उदाहरण. दोन्ही चांगली, पण सही करताना कुठलं ते मुलाला माहीत हवं.
– असद (اسد) : सिंह. असअद (اسعد) : अधिक भाग्यवान. मराठीत दोन्ही असदच होतात.

२. कुरआनमधला शब्द म्हणजे आपोआप नाव नव्हे. कुरआन उघडून जिथे बोट पडेल तो शब्द ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. कुरआनात हिमार म्हणजे गाढव हाही शब्द आहे आणि ख़न्नास म्हणजे मनात वसवसा घालून मागे सरणारा हाही. सूरह अल-क़लममधला ज़नीम हा शब्द कानाला गोड लागतो, पण तो बदनाम माणसासाठी आलेला आहे. मशिदीतल्या इमामसाहेबांना किंवा अरबी जाणणाऱ्या कुणालाही आधी विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. "अब्द" ची नावं पूर्ण घ्या. अब्दुर्रज़्ज़ाक म्हणजे रज़्ज़ाकचा बंदा. त्याला नुसतं रज़्ज़ाक म्हणणं बरोबर नाही, आणि नुसतं "अब्दुल" म्हणजे अर्धंच वाक्य. हाक मारायला नाव लांब वाटत असेल तर आपण घरीच एक चांगलं छोटं नाव ठरवावं, नाहीतर गल्ली ठरवते.

४. नाव म्हणून बघा, लिहून बघा. घरातल्या चार वर्षांच्या मुलाला ते नाव घ्यायला लावा. मग शेजारच्या मराठी मावशींना घ्यायला सांगा. दोघांच्या तोंडी ते कसं येतं आणि त्याचा मराठीत काही भलता अर्थ तर होत नाही ना, ते ऐका. ज़, क़, ग़ असलेलं नाव ठेवू नका असं आमचं म्हणणं नाही. मुलीचं नाव ज़र्क़ा ठेवलंत तर ते लोकांना शिकवण्याची तयारी ठेवा, एवढंच.

कागदावरचं नाव

उच्चाराची चूक हवेत विरते, कागदावरची मात्र बारावीपर्यंत पाठलाग करते. म्हणून हे मुद्दे लक्षात ठेवा.

– जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तरी नोंद करता येते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. सातव्या दिवशी अक़ीक़्याला नाव ठेवेपर्यंत थांबायला हरकत नाही, पण घाईत दवाखान्याच्या खिडकीवर काहीही लिहून देऊ नका.
– २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थान सिद्ध करायला जन्मदाखलाच मुख्य कागद आहे. त्यावरचं स्पेलिंग पुढे सगळीकडे जाणार.
– महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. त्यामुळे आईच्या नावाचं स्पेलिंगही एकच हवं. खातून, बी, बानो, बेगम यांतलं काय लिहायचं ते आधी ठरवा.
– आपल्याकडे "शेख रहीम शेख करीम" अशी लिहिण्याची जुनी पद्धत आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात शेख जातं आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांचं नाव शेख होतं. "अब्दुल" एका रकान्यात आणि "रहीम" दुसऱ्या, हाही नेहमीचा घोळ. शेख, पठाण, सय्यद, पिंजारी, मन्यार, बागवान, तडवी, जे असेल ते आडनावाच्या जागीच भरा.
– आधारवर नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येतं. अपार क्रमांक काढताना शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की काम अडतं. झेड की जे, एकेरी आय की दोन ई, हे तेव्हा ठरवायची गोष्ट नाही.
– शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती उतरली की फार पळापळ होते. मोठेपणी नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

एक सोपा उपाय : बाळाचं नाव ठरलं की एका कागदावर ते उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिपींत लिहा, लॅमिनेशन करा आणि फॉर्म भरताना तोच कागद समोर ठेवा. नर्स, ग्रामसेवक, शिक्षक, कुणाच्याही कानावर विसंबू नका. आमच्याही नाही.

घरी आणि वर्गात काय करावं?

– मूल चुकलं की "चूक!" म्हणू नका. ते "तादिर आला" म्हणालं तर तुम्ही "हो, कादिर आला. कादिरला बसायला सांग" म्हणा. बरोबर नाव दोनदा कानावर पडतं, लाज वाटत नाही.
– त्याच्या बोबड्या उच्चाराची नक्कल पाहुण्यांसमोर करून घेऊ नका. "मामूंना सांग, तुझ्या मित्राचं नाव काय?" म्हणून सगळं घर हसतं आणि मूल पुढच्या वेळी गप्प बसतं.
– लांब नाव तुकडे करून, टाळी वाजवत शिकवा : मु–दस्–सिर.
– ज़ साठी मधमाशीचा आवाज उपयोगी पडतो. जीभ दातांजवळ, आवाज न तोडता. ळ साठी जीभ मागे वळवून "बाळ, काळा, शाळा".
– मुलाला स्वतःचं नाव दुसऱ्यांना शिकवायला शिकवा : "माझं नाव असं म्हण." रडून किंवा भांडून नव्हे, सांगून.
– शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येक पालकाला विचारावं, "घरी नाव कसं घेता?" आणि हजेरीपटावर पेन्सिलीने तसं लिहून ठेवावं.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

तीन वर्षांनंतरही घरच्यांनाच बोलणं कळत नसेल, चार वर्षांनंतर बाहेरच्यांना कळत नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, वारंवार कान फुटत असेल, बोलणं नाकातून येत असेल किंवा बोलताना मूल अडखळून रडवेलं होत असेल, तर "मोठं झालं की येईल" म्हणून थांबू नका. सर्वात आधी कान तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही तो नीट बोलणार कसा?

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. श्रवणदोष, बोलण्यातला विलंब, फाटलेला ओठ-टाळू हे त्यांच्या तपासणीत येतं आणि पुढचे उपचार मोफत असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथेही तपासणी होते.

शेवटी अज़्काची गोष्ट पूर्ण करतो. आम्ही तिच्या आईला रजिस्टर बदलण्याआधी पंधरा दिवस मागितले. वर्गात "माझं नाव" नावाचा तास घेतला. रोज दोन मुलं पुढे येत, आपलं नाव सांगत, त्याचा अर्थ सांगत आणि सगळ्यांकडून म्हणवून घेत. आधी आम्ही स्वतः उभे राहिलो आणि आमचं नाव लहानपणी मुलं कसं बिघडवत ते सांगितलं. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाने आपल्या मुलांकडून ज्ञ घोटून घेतला. तिची पाळी नवव्या दिवशी आली. ती आधी बोललीच नाही. मग फळ्यावर नाव लिहिलं, आणि मधमाशीसारखा आवाज काढला. वर्ग हसला, पण ते हसणं वेगळं होतं. निम्म्या मुलांना तरीही ज़ आला नाही. वर्षअखेरपर्यंत काही जण अजकाच म्हणत राहिले. पण अडकली कुणी म्हणालं नाही, आणि हजेरीला हात वर करण्याऐवजी आवाज यायला लागला. आईने पुन्हा नाव बदलायचं विचारलं नाही.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचाच फरक आहे. बाळाला नाव विचार करून ठेवू या. आणि ते नाव घेताना कुणाची जीभ अडखळली, तर त्याला नावं न ठेवता शिकवू या.